क्लच माझा, गिअर त्याचा

माझ्या नवऱ्याचं नाव भिवा. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, मीही कधी घेतलं नव्हतं. आता घेते, आणि एकेरीच घेते. सगळं ऐकलंत की तुम्हीच ठरवा माझं चुकतंय का.

भिवा म्हणजे नाटे गावातला नावाजलेला ड्रायव्हर. बंदरावरची मासळी बर्फात घालून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला पोचवायची, हा त्याचा धंदा. ट्रक स्वतःचा. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगायचा. मागच्या वर्षी शिमगा झाल्यावर एका सकाळी त्याच्या हातातून चहाची बशी सुटली. लकवा. पाय हळूहळू चालायला लागला, जीभ तर एक दिवससुद्धा थांबली नाही, पण डावा हात गेला तो गेलाच. आणि ट्रकचा गिअर डाव्या हाताला असतो.

मग भाड्याचे ड्रायव्हर आले. एकाने वाटेत डिझेल विकलं, दुसरा दुपारपासूनच झुलत असायचा. त्यांना हाकलल्यावर गाडी घरासमोर ताडपत्रीखाली उभी राहिली. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. भिवा पडवीत बसून दिवसभर त्या ताडपत्रीकडे बघत राहायचा, आणि मला भीती वाटायची की गाडीच्या आधी हा माणूसच गंजून जाईल.

‘मी ट्रक शिकते,’ मी म्हटलं. मासे विकायला छोटा टेम्पो घेऊन मी राजापूरच्या बाजाराला जात होतेच, त्यामुळे टेम्पोचं लायसन माझ्याकडे होतं.

आजारपणानंतर तो पहिल्यांदाच हसला. ‘ट्रक हाय तो, योगिनी. म्हावरं कापायची विळी नाय.’

पण दुसऱ्या दिवशी त्यानेच मला रत्नागिरीला धाडलं. एसटी स्टँडच्या मागे एक ड्रायव्हिंग स्कूल होतं, त्याच्या ओळखीचं. आत गार हवा, भिंतीवर चकचकीत ट्रकचे फोटो आणि टेबलाशी एक मुलगी. मी विचारलं, ‘गाडी कुठाय?’

‘गाडी टेस्टच्या दिवशी येते, मॅडम. तुम्ही फक्त कागदपत्रं द्या.’

‘आणि शिकायचं कधी?’

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी लग्नाच्या मांडवात जाऊन स्वयंपाक शिकवा म्हणत होते. ‘सगळे असंच करतात हो,’ ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं, सगळे खरोखरच असं करतात. म्हणून तर रस्त्यावर ही परिस्थिती आहे.

घरी येऊन सांगितलं तर भिवा म्हणाला, ‘तिथेच नाव घाल. आपल्याला लायसनचा कागद पायजे. शिकवायला मी हाय ना!’

त्यावरून आमचं कडाक्याचं वाजलं. पडवीत बसून शिकवणार होता तो मला, हवेत हात फिरवून. मी ऐकलं नाही. माझ्या मनाने चौकशी केली आणि शहराबाहेर सड्यावरच्या सखाराम मास्तरांकडे नाव घातलं. रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर. त्यांच्या स्कूलला धड खुर्ची नव्हती, पण कातळावरच्या मोकळ्या मैदानात एक जुनापुराणा ट्रक उभा होता, आणि तो चालत होता. मला तेवढं पुरेसं होतं.

‘वेळ लागेल,’ मास्तर म्हणाले. ‘जुनी गाडी आहे. हिचे गिअर नव्या गाड्यांसारखे आपसूक पडत नाहीत.’

आमच्या घरची गाडीही त्याच जातीची. टेम्पोत क्लच दाबला, दांडा ओढला, झालं. इथे तसं केलं की खालून दात खाल्ल्याचा आवाज यायचा आणि मास्तर डोळे मिटून घ्यायचे. डबल क्लच करावा लागतो. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा. खालचा गिअर हवा असेल तर आता जराशी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा पुढच्या जागी न्यायचा. हे सगळं चालत्या गाडीत, श्वास घेऊन सोडेपर्यंत. मला वाटायचं आपल्याला पाय दोन आणि कामं पाच.

‘जोर लावू नको,’ मास्तर सांगायचे. ‘इंजिनाचा आवाज ऐक. ते तयार झालं की गिअर स्वतःहून आत जातो.’

आणि एक दिवस तो गेला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, लोण्यात सुरी जावी तसा. मी इतक्या मोठ्याने ओरडले की मास्तर दचकले. लग्नात, बाळंतपणात, कशातच मला एवढा आनंद झाला नव्हता, खरं सांगते.

शेवटी शेवटी मास्तरांनी उतार शिकवला. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतरायचं. मासळीवाले डिझेल वाचवायला घाटमाथ्यावरून न्यूट्रल टाकतात. तू टाकू नकोस. न्यूट्रलला इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की लागत नाहीत. तोवर गाडीला एवढा वेग आलेला असतो की गिअर परत आत जात नाही.’

टेस्ट झाली, कागद हातात आला. बंदरावर पेट्या भरल्या आणि मी स्टेअरिंगवर बसले. भिवा मोठ्या कष्टाने क्लीनरच्या सीटवर चढला. मी क्लच दाबून हात दांड्याकडे नेला, तर तिथे आधीच त्याचा हात होता. उजवा, चांगला हात. क्लीनरच्या सीटवरून उजवा हात बरोबर गिअरवर पडतो, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्या मात्र आलं होतं. पडवीत बसून तो महिनोन्महिने हाच हिशोब करत असणार.

‘तू क्लच दाब,’ तो म्हणाला. ‘गिअर माझा.’

मी हात काढून घेतला. काय करणार होते? त्याचा चेहरा बघितला असता तर तुम्हीही काढून घेतला असतात. आणि गंमत म्हणजे जमलं. मी क्लच दाबायचे, तो दांडा हलवायचा, मी रेस द्यायचे, तो गिअर टाकायचा. चारदोन ठिकाणी दात वाजले, मग तेही थांबलं. घाट चढताना तर आम्ही एकमेकांना सांगतही नव्हतो. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं एवढं कधी जुळलं नव्हतं. कोल्हापूरला उतरल्यावर तो बाकीच्या ड्रायव्हरांत जाऊन उभा राहिला, पूर्वीसारखा, आणि मी लांबून बघत चहा प्यायले.

परत येताना घाटमाथ्यावर त्याने उजवा हात कपाळाला लावून देवाला नमस्कार केला आणि गिअर काढून न्यूट्रल केला.

‘अहो, मास्तर म्हणाले होते—’

‘मास्तर एसटीचा. त्याचं डिझेल सरकारचं. आपलं काय झाडाला लागतंय?’ तो म्हणाला. ‘मी जन्मभर असाच उतरलोय. ब्रेकवर पाय ठेव आणि गप बस.’

गाडी रिकामी होती, उतरली नीट. पुढच्या खेपेलाही उतरली. दर वेळी मी बोलायचे, दर वेळी तो हसण्यावारी न्यायचा. त्याचा हात दांड्यावरून काढायचा म्हणजे त्याला परत पडवीत बसवायचं, हे मला माहीत होतं. तेवढं मला करवेना.

मग गणपतीच्या आधी त्याने कोल्हापुरात परतीचा माल ठरवला. पेंडीची पोती, गाडी भरून. तिथेच मी कंबरेवर हात ठेवून सांगितलं, ‘भरलेली गाडी मी न्यूट्रलमध्ये उतरवणार नाही. दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं असेल तर बसते, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघा.’

‘बरं बाई, दुसरा गिअर तर दुसरा गिअर,’ तो म्हणाला. बाकीचे ड्रायव्हर ऐकत होते, एक जण हसलासुद्धा. ते हसणं भिवाला लागलं असणार.

घाटमाथ्यावर दुसरा गिअर टाकला. गाडी इंजिनाच्या जोरावर, गुरगुरत, माणसाच्या चालीने उतरायला लागली. दुपारची वेळ, पाऊस नव्हता, रस्ता कोरडा. मला वाटलं, चला, ऐकलं एकदाचं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मागून एक मासळीचा ट्रक आला, हॉर्न मारत आमच्या पुढे निघून गेला, आणि त्यातल्याने खिडकीतून हात हलवून काहीतरी ओरडून म्हटलं. काय म्हटलं ते ऐकू आलं नाही.

‘बैलगाडी केलीस माझ्या गाडीची,’ भिवा म्हणाला आणि मी क्लच दाबायच्या आतच त्याने दांडा ओढला.

इंजिन एकदम गप्प झालं आणि गाडी सुटली.

मी ब्रेक दाबला. लागला. पुन्हा सुटली, पुन्हा दाबला. पुढच्या वळणापर्यंत जळक्या रबरासारखा वास यायला लागला. ‘दुसरा टाका!’ मी क्लच दाबून ओरडले. त्याने जोर लावला. खालून दात खाल्ल्याचा तो आवाज आला, पण मास्तरांच्या मैदानातल्यापेक्षा कितीतरी भयंकर. ‘हात काढा, मी टाकते!’ तिसरा अजून पडला असता. मला आवाज ऐकू येत होता, रेस किती द्यायची ते पायाला कळत होतं. मी दांडा धरला, पण त्याने सोडला नाही. माझ्या हातावर त्याचा हात, तो खाली ओढतोय, मी वर ढकलतेय. ‘तुला नाय जमणार, सोड!’ एका दांड्यावर नवराबायकोचे दोन हात, आणि मागे पेंडीचा डोंगर. मग ब्रेकचं पायडल दाबलं तरी गाडीला काही फरक पडेना.

उजव्या हाताला दरी होती. डाव्या हाताला डोंगर. खालच्या वळणावरून एसटी वर येत होती, तिचा हॉर्न ऐकू आला.

डावीकडे घातली तर त्याच्या बाजूने आपटणार, हे मला कळलं होतं. नकळत झालं, भीतीने झालं, असं मी म्हणणार नाही. एसटीत माणसं होती. मी दांडा सोडला, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि डोंगराकडे वळवलं.

शुद्ध होती मला सगळा वेळ. काच फुटली, कपाळावरून रक्त डोळ्यात आलं. एसटी अलीकडेच थांबली होती. तिच्यातल्या लोकांनी आम्हाला ओढून काढलं. भिवा जिवंत होता. त्याचा उजवा हात मात्र डॅशबोर्ड आणि गिअरच्या मध्ये चेचला गेला होता.

पोलीस आला तेव्हा आम्ही रस्त्याकडेला बसलो होतो. त्याने केबिनमध्ये वाकून बघितलं, दांडा हलवून पाहिला. ‘न्यूट्रल आहे,’ तो म्हणाला. ‘कोण चालवत होतं?’

‘मी,’ मी म्हटलं. ‘पण गिअर यांच्या हातात होता.’

‘म्हणजे?’

‘मी क्लच दाबते, हे गिअर टाकतात. यांचा डावा हात चालत नाही. न्यूट्रल यांनी केला.’

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग जमलेल्या लोकांकडे वळून हसला. ‘ऐकलंत? स्टेअरिंग बायकोकडे आणि गिअर नवऱ्याकडे!’ लोकही हसले. एवढ्या रक्तात हसले. मला त्या वेळी कळलं की खरं तेच सांगतेय आणि ते कुणालाच खरं वाटणार नाही. आमच्या दोघांशिवाय ते कुणाला माहीतच नव्हतं.

पोलीस भिवाकडे वळला. ‘खरं काय हो, मालक?’

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो गाडीकडे बघत होता.

‘बाईमाणूस हाय, साहेब,’ भिवा म्हणाला. ‘घाबरली. मी सांगत होतो गिअर काढू नको म्हणून.’

पोलिसाने ते लिहून घेतलं. माझं लायसन त्याने ठेवून घेतलं आणि पुढे काय काय होईल ते सांगितलं. मी ऐकलं, सही केली. बोलून काय करणार? त्याच्या गावात, त्याच्या दोस्तांत, एवढ्या वर्षांत ओरखडा नाही म्हणणाऱ्या माणसापुढे माझं कोण ऐकणार?

राजापूरच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या हाताला खांद्यापर्यंत प्लास्टर घातलं. डावा तर कामाचा नव्हताच. संध्याकाळी नर्सने वरणभाताचं ताट आणून माझ्या हातात दिलं. तिला वाटलं, बायको आहे, भरवील.

मी भात कालवला. तो छताकडे बघत म्हणाला, ‘लायसन देतील काय गो तुला परत?’

‘नाही देणार,’ मी म्हटलं.

‘मग गाडी कोण चालवणार?’

मला त्याचा इतका राग आला की ताट त्याच्या तोंडावर मारावं असं वाटलं. मी घास पुढे केला. त्याने तोंड उघडलं.