ओटीचा नारळ

नारळ कानाशी हलवला की आत पाणी डचमळत होतं... भरलेला, चांगला. जसोदाबाईच्या हातून वाईट नारळ कधी कुणाच्या ओटीत गेला नव्हता. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेल्या लेकी सासरी निघाल्या की गल्लीतली प्रत्येक ओटी तिनंच भरायची, हा धानोऱ्यात तिचा मान. आज तर पोटची पोर, ममता. सुपात गहू, हळकुंड, खण – सगळं तयार, आणि हात नारळ सोडेना.

मघाशी जेवताना तिनं सवयीनं जावयाला टोचलं होतं, की भाग्येशराव, पार वाळवून आणलीत माझी लेक, आता पावसाळाभर इथंच ठेवून घेते. तो हसला. हसतच म्हणाला, "ममताबिगर मी जगाव नही, मामी. आनि तिलेबी जगू देवाव नही."

सगळे हसले. नवऱ्याला, भिलाला, तर ठसका लागला. तीही हसली, केवढा हा जीव, कधी एकदा गल्लीत सांगते असं झालं – आणि घास तोंडातच फिरत राहिला. हे ऐकलंय. मी जगणार नाही, तिलाही जगू देणार नाही – असंच, हसत...

शेजारच्या दोधूच्या ओसरीवर, गेल्या आखाजीला. दोधूचा जावई बोलला होता. दोधूची आईवेगळी लेक रंजना ओटीसाठी पदरच पुढं करेना, तेव्हा मीच म्हणाले ना, धरा राणीसाहेब, नवरा एवढा जीव टाकतो आणि तुमची नाटकं? तिनं धरला. पंधरवड्यात त्यानं तिला मारून टाकलं, मग स्वतःला संपवलं. दोन चिता शेजारी शेजारी, आणि बाया म्हणत होत्या, फार जीव होता हो त्याचा. जसोदाबाईच्या तोंडूनही तेच गेलं, सुतकाच्या घरी दुसरं काय बोलायचं म्हणून... की खरंच वाटलं होतं?

ममता समोर येऊन उभी राहिली. न सांगता पदर पसरला. रंजनासारखी आडमुठी नाही, शहाणी माझी लेक – पण डोळे ओसरीकडे.

"माय, भर ना लवकर. त्याले थांबनं आवडत नही."

"कधीपासून आवडत नही?"

ममता पदराची टोकं नुसती घट्ट करत राहिली.

जावयाला एकटा परत धाडायचा? गल्ली काय म्हणेल, भिला काय म्हणेल, या घराण्यात असं कधी... ओसरीवरून गोड आवाज आला, मामी, निघूत का?

नारळात पाणी डचमळलं. तिनं तो हलवला नव्हता.