नव्या बाई

ब्युरेटच्या काचनळीच्या टोकाशी थेंब लोंबकळत होता—पडू की नको अशा विचारात असल्यासारखा—आणि तोटीवर बाईंचा अंगठा सवयीने इतका हलका टेकला होता की तो आपलाच आहे हे त्यांना क्षणभर जाणवलं नाही. हा एक थेंब पडला की खालच्या भांड्यातलं पाणी फिकट गुलाबी होणार, जेमतेम, गुलाबी आहे की नुसता भास असं वाटण्याइतकं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत याच क्षणाची वाट पाहण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिथे शेजारच्या टेबलावरची बाई दुपारी डबा उघडताना "आज काय?" एवढं विचारायची आणि उत्तर यायच्या आत जेवू लागायची. नवरा गेल्यावर त्या कामावर परतल्या, त्या दिवशीही तिने तेवढंच विचारलं होतं...

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अंगठा सरकला. एकाऐवजी चार-पाच थेंब धावले आणि भांडं भडक गुलाबी झालं.

"बाई, काय मस्त रंग आलाय," एक मुलगी म्हणाली, आणि दहावीचा अख्खा वर्ग टेबलाभोवती दाटला. हे चुकलंय, गरजेपेक्षा जास्त पडलंय, असं त्या सांगत राहिल्या. पण चुकलेलंच सगळ्यांना आवडलं होतं. तिकडे असत्या तर त्यांनी ते गुपचूप मोरीत ओतलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता. कोणाला कशाचाच पत्ता लागत नसे तिथे.

पन्नाशीला नोकरी सोडून त्या शिक्षिका व्हायला निघाल्या तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला होता, आई, बसल्या जागी ही कुठली दगदग मागे लावून घेतेस? प्रवेशाच्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं, शिकवायची पहिल्यापासून आवड. मुलालाही तेच. मग बी. एड.च्या वर्गात लेकी शोभतील अशा मुलींच्या शेजारी बसून पाठाची टाचणं काढली, आणि या शाळेत आल्या. शिक्षकांच्या खोलीत त्या शिरल्या की गणिताचे तरुण सर उठून खुर्ची देतात आणि चाललेल्या गप्पा थांबतात. आदर म्हणजे माणसाला चार हात लांब ठेवायची सभ्य रीतच की! दिवसभर बोलून घसा बसतो... आणि संध्याकाळी कुलूप काढताना लक्षात येतं, आज मी कोणाशी बोललेच नाही.

तास संपला. भांडी धुवायची पाळी एका उंच, अबोल मुलीची होती. ती नळाखाली काचेची नळी फिरवत होती. बाई शेजारी पुसायला उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही आधी मोठ्या प्रयोगशाळेत होतात ना? मग इथे का आलात?"

पहिल्यापासून आवड—उत्तर जिभेवर तयार होतं. पण मुलीने वर पाहिलंही नव्हतं. सहज विचारलं होतं, आणि त्या सहजपणापुढे ते पाठ केलेलं वाक्य उगाचच जड वाटलं.

"घरी बोलायला कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या.

मुलीने नळ बंद केला. हळहळली नाही, चुचकारलं नाही. नळी फडक्यावर आडवी ठेवत तिने विचारलं, "मग आता?"

पुढच्या तासाची घंटा झाली. पुढचा वर्ग धडधडत आत घुसला. मुलगी थोडी थांबली, ओले हात पुसले आणि निघून गेली.

घरी चालत येताना बाईंची कानशिलं तापली. आता ही वर्गात सांगणार. पुढच्या तासाला फळ्याकडे वळले की पाठीमागे कुजबुज—बाईंना घरी कोणी नाही. कीव करतील, नाहीतर नकला. जिभेला हाड नसतं हे काय आज कळायला हवं होतं मला? पोटच्या पोराला जे सांगितलं नाही, ते हिला?

दिवा न लावता त्या खुर्चीत टेकल्या. भीती होतीच, पण तिच्या खाली आणखी काहीतरी चुळबुळत होतं. आता आहेत ना बोलायला, म्हणावं तर ते खरं नाही. नाही म्हणावं... तर तेही आज दुपारपासून पूर्ण खरं राहिलेलं नाही. कोणाला काही सांगायचं राहून गेलंय, अशी टोचणी त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती. परवा पुन्हा तिच्या वर्गावर तास होता. काय सांगायचं तिला?

"आता—" अंधारात त्यांनी मोठ्याने म्हणून पाहिलं. पुढचं सुचेना. तरी तोंड मिटावंसं वाटेना.