नसलेला बॉल

ठण्ण! दुपारच्या शांततेत स्टीलचा पेला पडला आणि फरशीवर गडगडत गेला. आमची लेक सुमैरा झोपेत दचकली. मी तिला थोपटत राहिले. वसीम ओट्यापाशी तसेच उभे. पेला ओट्यावर ठेवला असं त्यांना वाटलं होतं. ठेवला होता वीतभर अलीकडे, हवेत.

"हसतीस काय गं?"

"मी कुठं हसले?"

शिरवळच्या कंपनीत ग्राइंडरची कपची उडून त्यांचा उजवा डोळा गेला, त्याला फार दिवस झाले नव्हते. मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, गेलेला डोळा आत ठेवू नका, त्याच्यापायी कधीकधी चांगलाही जातो, लवकर काढून टाका. पण रहिमतपुरात आमच्या पुढच्या खोलीत पूल खेळायचं टेबल आहे, आणि वसीमचा सगळा जीव त्या टेबलात.

"ह्याच डोळ्यानं नेम धरत आलोय मी," ते म्हणायचे. "त्योच काढून दिऊ? यील की उजेड."

रोज खेळायला येणारे लालासाहेब म्हणाले, "वसीमभाय, लोक एक डोळा मिटून नेम धरत्यात. तुमचं तेवढं कष्ट वाचलं गड्या!"

सगळे हसले. वसीमही हसले. मग क्यूची काठी उचलली आणि टेबलाच्या कडेच्या भोकाच्या, पॉकेटच्या तोंडावरचा बॉल चुकवला.

माणसं गेल्यावर मी विचारलं, "आवं, डाव्यानं नेम जमला तर उजवा काढू द्याल?"

"जमू दे तर."

सुमैरा झोपली की आम्ही टेबलाशी जायचो. नेमाची युक्ती त्यांनीच मला लग्नाच्या नवलाईत शिकवलेली. पाडायच्या बॉलला पॉकेटच्या उलट बाजूनं चिकटून अजून एक बॉल आहे असं धरायचं. तो नसतो. पांढरा बॉल नेमका त्याच्या जागी नेऊन बसवायचा, बास. सुमैरा जागी असली की त्या रिकाम्या जागी बोट टेकवून विचारायची, "हितं हाय?" आणि ते म्हणायचे, "व्हय, दिसतोय की मला."

मी पॉकेटमागे उभी राहून बघायचे. प्रत्येक बॉल चुकत होता, पण एकाच बाजूला. मग माझ्या ध्यानात आलं. सवयीनं क्यू अजून गेलेल्या डोळ्याखालीच येत होता.

मी त्यांची हनुवटी धरली. दाढीचे खुंट बोटांना टोचले. डोकं हळूच उजवीकडं सरकवलं, डावा डोळा क्यूवर येईपर्यंत.

"आता बघा."

बॉल पडला. मग दुसरा. मग कोपऱ्यातला अवघडही. त्यांनी क्यू ठेवला आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं.

"जाऊ मिरजेला. ईद झाल्यावर. पावण्यारावळ्यांत आसा खड्डा घिऊन नगं."

"आधी जाऊ."

"सबीना, येवढं ऐक."

मी भांडले, रडले, जेवले नाही. ते हलले नाहीत.

ईद तोंडावर असताना एका दुपारी ते म्हणाले, "टेबलावरचा दिवा घालव, टोचतोय." आणि बॉल पुन्हा चुकायला लागले. एक इकडं, एक तिकडं. मी जाऊन हनुवटी धरली. हनुवटी जागेवर होती. क्यू बरोबर डाव्या डोळ्याखाली होता. सरकवायला काही उरलंच नव्हतं. माझा हात तसाच राहिला.

"धूळ गेली आसंल," ते म्हणाले. डावा डोळा लालभडक होता.

मिरजेला डॉक्टर कितीतरी वेळ बॅटरी मारून बघत होते. मग खुर्ची मागं घेऊन म्हणाले, उजवा आता काढला तरी डाव्याला उपयोग नाही. इंजेक्शनं देऊ. किती वाचतंय बघू.

घरी आल्यावर वसीम चपलाही न काढता टेबलाशी गेले. कापडावर हात फिरवत एक बॉल शोधला, त्याच्या शेजारी बोट टेकवलं. "हितं हाय बग त्यो. दिसतोय मला," ते हसून म्हणाले.

टेबलाच्या पलीकडं सुमैरा ईदचा नवा फ्रॉक घालून उभी होती. तिनं दोन्ही हात पसरले, गिरकी घेतली, जीभ काढून दाखवली. मग हात खाली सोडून माझ्यापाशी आली आणि ओढणी ओढत कुजबुजली,

"अम्मी, अब्बूला नसलेला बॉल दिसतोय. मग मी का न्हाई दिसली?"