मदिनाबीचं उत्तर

“घरात बसून बायांना काम तरी काय असतं हो? घाम गाळतो तो पुरुष!” रेडिओतून अप्पाराव गरजले आणि निजामोद्दीनच्या दुकानातल्या तिघांच्याही माना मागच्या पडद्याकडे वळल्या.

पडद्यामागून काहीच आलं नाही. निजामोद्दीनचे पाय मशीनवर थांबले होते, ते पुन्हा चालू झाले. त्याची बायको मदिनाबी जाऊन चार महिने झाले होते, तरी माणसांची सवय गेली नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते दुसरं वर्ष. जालन्याच्या मस्तगडातलं निजामोद्दीनचं दुकान म्हणजे पुढे शिलाई मशीन, मधे जुन्या चादरीचा पडदा आणि मागे राहायची खोली. संध्याकाळी गावकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला की माणसं दुकानाच्या फळीवर येऊन बसत. अप्पाराव रोज काही ना काही ठोकून देत. लग्नात बँड नको, पोरांना सिनेमा नको, चहानं माणूस नासतो, शिकलेली सून घर मोडते. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला भिवा मांडीवर थाप मारून म्हणे, “बिलकुल बराबर बोलून राह्यला!” साहेबराव मास्तर चिडत. “ह्याला एकदा आमच्या शाळेत आणा. मंग बघू कसा बोलतो ते.” भाजीवाली गिरिजाबाई दोघांनाही हसे.

पण सगळे खरी वाट पाहत ती पडद्यामागच्या आवाजाची. मदिनाबी आत बसून सदऱ्यांची काजं करी, बटणं लावी, आणि अप्पारावांचं वाक्य पुरतं संपायच्या आत उत्तर देई. बायांच्या कामाचा हाच विषय गेल्या साली निघाला होता तेव्हा ती म्हणाली होती, “अप्पाराव, तुमच्या अंगात सदरा है ना? त्याची काजं कोणी केली ते जरा घरात पूछो. न्हाई सांगता आलं तर उद्यापासून छाती उघडी टाकून भाषण करा!” गिरिजाबाईला हसून हसून ठसका लागला होता. भिवाही हसला होता. एकटा निजामोद्दीन हसला नव्हता. तो बोलणारा माणूसच नव्हता. बाही आखूड, कापड कमी, परवा या, एवढंच त्याचं बोलणं. गिऱ्हाइकाशी जेवढं, तेवढंच घरातही.

त्याच दिवशी तिनं जेवताना म्हटलं होतं, “कोणाकडून तरी एक कार्ड लिहून आणा ना. हे अप्पारावाला पाठवते.”

“लोक काय म्हणतील,” तो म्हणाला होता. तिनं पुन्हा कार्डाचं नाव काढलं नव्हतं. पुढे पावसाळ्यात तिला ताप चढला आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. लेकरूबाळ नव्हतं. खोलीत तो एकटाच उरला.

कार्यक्रम संपला. माणसं उठली. साहेबराव मास्तर चपला घालू लागले तसा निजामोद्दीन म्हणाला, “मास्तर, एक कार्ड लिहायचं होतं.”

मास्तर पुन्हा बसले. निजामोद्दीन अडखळत सांगत गेला, मास्तर लिहीत गेले. काजांचं, बटणांचं, उघड्या छातीचं, सगळं तिच्याच शब्दांत.

“खाली नाव कोणाचं घालू?”

“मदिनाचं.”

मास्तरांनी पेन थांबवलं.

“ती बोलली, मंग नाव तिचंच पाहिजे,” निजामोद्दीन म्हणाला.

गुरुवारी पत्रांना उत्तरं असत. दोन गुरुवार कोरडेच गेले. तिसऱ्या गुरुवारी अप्पाराव म्हणाले, “आता जालन्याच्या मस्तगडातून मदिनाबी लिहितात...” आणि त्यांनी कार्ड जसंच्या तसं वाचलं. वाचता वाचता त्यांनाच हसू आवरेना. “मदिनाबी, खरं सांगतो, मी घरात विचारलं. ही म्हणाली, तेवीस वर्षं मीच करतेय. हरलो बघा! पण असंच लिहीत राहा. तुमच्यासारखं भांडणारं माणूस मिळत नाही.”

दुकानात कोणी हसलं नाही. भिवानं टोपी काढून हातात घेतली. निजामोद्दीन सुईत दोरा ओवत होता, तो काही केल्या ओवला जाईना.

“त्यांना खरं कळवायला पाहिजे, निजामभाई,” मास्तर म्हणाले.

“राहू द्या मास्तर. तिथं तरी ती हयात है.”

मग तो नादच लागला. भिवाला चहावरचं तिचं एक उत्तर आठवलं, मास्तरांना बँडवरचं. निजामोद्दीन ज्याला त्याला विचारू लागला, अजून काय म्हणाली होती, आठवून सांगा. आपण पडद्याच्या अलीकडे, चार हातांवर बसलेलो असायचो आणि आपल्याला मात्र अर्धंही आठवत नाही, हे त्याला आत कुठंतरी टोचत राही. पाच कार्डं गेली. त्यातली तीन वाचली गेली. अप्पाराव आता “आमच्या मदिनाबी” म्हणू लागले. मग सगळ्यांच्याच आठवणी आटल्या.

एका संध्याकाळी गिरिजाबाई एकटीच आली होती. रेडिओ नुकता लागला होता.

“गिरिजाबाई, तुम्ही तर आत जाऊन बसायच्या तिच्याजवळ. एखादं तर आठवत असंल.”

गिरिजाबाई टोपलीतली मेथी उगाच सारखी करत राहिली. “एक हाय. पण ते कार्डावर लिहायचं न्हाई.”

“सांगा तर.”

“उन्हाळ्यात कार्यक्रमाच्या मधीच अजान व्हायची, तवा एकदा तुम्ही मशिदीत गेल्ते. मी तिला म्हणले, काय बाई त्या डब्याशी भांडती, त्याला ऐकू येतं का? तर म्हणली, ‘न्हाई येत, मालूम है मला. पण तो बोलतो तरी. आमचे मियाँ दिवसभर चार शब्द बोलत न्हाईत. मंग मी कोणाशी बोलू, गिरिजा?’”

सांगून झाल्यावर आपण हे का सांगितलं असं तिला झालं. मेथीची एक जुडी फळीवर ठेवून ती घाईनं निघून गेली.

रेडिओत अप्पारावांनी नवा विषय काढला होता. हुंड्यावर की कशावर तरी. निजामोद्दीननं हात लांब करून रेडिओ बंद केला. पडदा बाजूला सारून आत गेला आणि ती बसायची त्या भिंतीसमोर चटईवर मांडी घालून बसला. दोनदा ओठ हलले, दोनदा मिटले.

“आज तीन सदरे झाले,” शेवटी तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “चौथ्याची कॉलर बिघडली. सगळी उसवली मी. भिवाचं पायजम्याचं कापड आलंय, पण कमी पडतंय. सांगायला पाहिजे त्याला.” तो थांबला. “गिरिजानं मेथी दिली. तू करायची तशी मला जमत न्हाई. माझी कडूच होते.”

“निजामभाई, हायेत का?” बाहेरून कोणीतरी हाक मारली. “सदरा झाला का माझा?”

निजामोद्दीन उठला नाही. त्याचं अजून सांगून संपलं नव्हतं.