नऊ जणांचं हसू

‘उलटी बातमी’ बंद का केली, असं लोक मला अजून विचारतात. एस.टी. स्टँडवर विचारतात, दवाखान्यात विचारतात, एकदा तर मयतीत विचारलं. मी म्हणतो, बातम्या संपल्या. बदनापुरात बातम्या संपल्या यावर लोकांचा चटकन विश्वास बसतो.

सन नव्याण्णवची गोष्ट. कारभारी गावात केबल चालवायचा आणि त्याच्या दुकानामागच्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर कोट घालून मी खोट्या बातम्या द्यायचो. खाली लुंगीच असायची, टेबलाआड दिसायची नाही. ‘आज रेल्वे वेळेवर आली, प्रवाशांची मोठी गैरसोय.’ ‘नळाला पाणी आलं, गल्लीत घबराट.’ दर रविवारी दुपारी चारला सगळं गाव बघायचं. मी स्वतःला फार मोठा समजायला लागलो होतो, खोटं कशाला बोलू.

मोठ्या चॅनेलवर विनोदानंतर हसू ऐकू येतं, तसं आपल्याकडंही पाहिजे, हा कारभारीचा हट्ट. म्हणून पहिल्याच आठवड्यात आमच्या ओसरीवर आई धरून गल्लीतली नऊ माणसं भजी-चहाला बसवली. मी पहिलं बातमीपत्र वाचलं आणि त्यांचं हसू टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं. पुढं तीच कॅसेट प्रत्येक विनोदाला लावायची.

इतक्यांदा ऐकली की कोणाचं हसू कोणतं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. कडूबा न्हाव्याचं खोकल्यासारखं. शेजारच्या चतुराबाईचं उशिरा सुरू होऊन वर चढत जाणारं, शेवटी उचकी. आणि तिला खेटून बसलेल्या माझ्या आईचं, पदर तोंडाला लावून हं हं हं, मग ‘बाई बाई’.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी कॅसेटवर उचकी ऐकू आली नाही. मी म्हटलं, टेप झिजली. बुधवारी चतुराबाई गेली, भाकरी थापता थापता, बसल्या जागी. पौषात खोकला गेला. कडूबा तेव्हा ठणठणीत होता, सकाळीच माझी दाढी करून गेलेला.

“कडूबाचं हसू कुठं गेलं रे?” मी कारभारीला विचारलं.

“तू बी काय मोजत बसून राह्यला,” तो म्हणाला.

बुधवारी कडूबाही गेला. बाकीच्या सात जणांचं हसू जसंच्या तसं होतं. टेप झिजली असती तर सगळ्यांचंच हसू झिजलं असतं.

त्यानंतर माझं बातम्यांत लक्ष राहिलं नाही. तोंड कॅमेऱ्याकडं आणि कान कॅसेटकडं. माघातल्या एका रविवारी ‘बाई बाई’ आलंच नाही. मी कॅसेट तीनदा लावायला लावली. तिन्ही वेळा सहाच जण हसले.

अंगात कोट तसाच, टेपरेकॉर्डर काखेत मारून मी घरी पळालो. आई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. मला एवढंच सुचलं होतं की तिचं हसू परत भरून घ्यायचं, म्हणजे बुधवार टळेल. वेडेपणाच होता. पण भीतीला अक्कल नसते.

बटण दाबलं. “आई, बातम्या वाचतो. ऐक.”

“इथं? कोट घालून?”

मी वाचल्या. रेल्वेची वाचली, नळाची वाचली. ‘खांबावर दिवा लागला, चौकशी समिती नेमली.’ ती हातातली डाळ तशीच धरून मन लावून ऐकत होती.

“मंग सापडलं का कोणी?” तिनं विचारलं.

“आई, हस की.”

“कशाला?”

“हसायची बातमी हे ती. आख्खं गाव हसतं.”

“हसत असंल.”

“तू बी हसल्ती ना पहिल्या टायमाला. इथंच.”

आईनं सूप खाली ठेवलं. “तुझ्या बातम्यायला न्हाई रे हसले, तात्या. मला तर त्या खऱ्याच वाटल्त्या. चतुरा हसून राह्यली होती. तिची उचकी ऐकून मला हसू आलं.” मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, “वाचतो मात्र तू बराबर.”

मी तिच्या पायाशी बसलो आणि मला रडूच आलं. गाव हसवत फिरलो आणि आईला एकदाही हसवलं नव्हतं.

“एकदा हस, आई. पाया पडतो तुझ्या.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग डावीकडं, चतुराबाई बसायची त्या जागेकडं. तिथं उन्हाचा पट्टा होता आणि डाळीची टरफलं. आणि आई हसली. पदर तोंडाला, हं हं हं, ‘बाई बाई’, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसलो. वाटलं, जिंकलो.

खोलीवर येऊन कारभारीसमोर कॅसेट लावली. आधी माझ्या बातम्या आल्या, मग माझं रडणं. मग हसू आलं, पण ते आईचं नव्हतं. उशिरा सुरू झालं, वर चढत गेलं आणि शेवटी उचकी लागली. त्याच्या मागून आई हसली. आणि ‘बाई बाई’ झाल्यावर तिचा हळू आवाज, जो ओसरीवर मला ऐकूच आला नव्हता.

“थांब गं, येते. डाळ तेवढी निवडू दे.”

कारभारीनं टेप बंद केली. माझ्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

त्या संध्याकाळी मी डाळीचं सूप कणगीमागं लपवून ठेवलं. सोमवारी घराबाहेर पडलो नाही. मंगळवारी आईनं दोनदा विचारलं, “माझी डाळ कुठं ठेवली रे?” मी म्हटलं, माहीत नाही. बुधवारी सकाळी दूध आणायला गेलो, फार तर दहा मिनिटं.

आलो तर आई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली होती. सूप मांडीवर होतं. डाळीत खडा राहिला नव्हता.