भिंतीच्या उबेतलं

दुसऱ्या गारपिटीने सगळ्या गावाचे बटाटे झोपवले. वाचला तो एकट्या बासिलियाचा वाफा. दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर तिरप्या आलेल्या गारा तिच्या दगडी भिंतीपलीकडेच आपटल्या. वाफा वाचला, तेच नडलं. इतक्या उंचावरच्या आखूड हंगामात नव्याने लागवड कसली करणार? लोकांना आता खापर फोडायला डोकं हवं होतं.

बाप्तिस्म्यावाचून गेलेलं मूल कुणी चोरून पुरलं की आभाळ गारा ओततं, हे या पठारावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुखिया निकानोर माणसं घेऊन दारोदार विचारत फिरत होता.

बासिलिया झाडांना मातीची भर घालत होती, आणि त्याच मातीत तिचं बाळ होतं. जूनच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या कडाक्यात, नवरा खाणीवर असताना, अपुऱ्या दिवसांचं जन्मलं आणि रडलंच नाही. सगळी जमीन गोठून दगड झालेली. कुदळ शिरली ती फक्त या भिंतीच्या बुडाशी. दिवसभर तापलेले दगड इथे रात्री ऊब सोडतात, म्हणजे त्याला थंडी वाजणार नाही. वेडेपणा म्हणा हवं तर, पण तिचा सगळा जीव त्या उबेत अडकला होता.

"सापडली गं!" शेजारीण ग्रेगोरिया भिंतीवरून डोकावली. "ती देल्फिना. मागे घागरा केवढा फुगला होता तिचा, आणि आता बघ, नुसती काडी! चौकात उभी केलीय तिला."

"अगं, पोर आहे ती. आजारी होती."

"तुझं काय जातंय बोलायला? तुझे बटाटे उभे आहेत!"

चौकातून देल्फिनाचं रडणं ऐकू आलं. "आई शप्पथ, मी नाही हो, काका!" बासिलियाने कान झाकून पाहिले. तरी ते ऐकू येतच राहिलं. शेवटी खुरपं टाकून ती चौकात गेली.

"निकानोरकाका, सोडा तिला. माझं आहे ते. वाफ्यात."

कुदळी घेऊन सगळे आले, बटाटे उपटून बाजूला फेकले.

"हळू खणा हो," ती म्हणाली. "अगदी लहान आहे."

पाणी शिंपडून निकानोरने त्याला नाव दिलं, आणि टेकडीवरच्या उघड्या दफनभूमीत त्याच्यापुरता खड्डा करून ठेवलं. आता आभाळ निवेल, असं म्हणत लोक उतरू लागले.

अर्ध्या वाटेवर पहिली गार पडली. मग सडासड सुरू झाल्या.

निकानोरने वर पाहिलं. "अजून कुणाचं तरी असणार," तो म्हणाला, आणि बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

बासिलिया मागे फिरली होती. धापा टाकत ती टेकडी चढली, शाल सोडून त्या ओल्या मातीवर पसरली आणि वर स्वतः ओणवी झाली. गारा पाठीवर फुटत होत्या.

"थांबतील हं, बाळा," ती म्हणत राहिली. "आत्ता थांबतील."