चिमणीएवढं पोट

तिच्या माहेरच्या बायकांना आपल्या भुकेचा फार तोरा होता, म्हणजे ती नसण्याचा. चार घास झाले की आई ताटावर आडवा पंजा धरायची. "बास! आमचं चिमणीएवढं पोट." आजीही तशीच होती म्हणे. वडील थट्टा करायचे, "या घरची मुलगी केली की किराण्याचा खर्च वाचतो." त्यामुळे आई आणखी कमी खाऊ लागली तेव्हा कुणाच्या मनात पालसुद्धा चुकचुकली नाही.

आई गेली. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून समजावलं. हा पोटाच्या कॅन्सरमधला दुर्मीळ प्रकार. तो गाठ धरत नाही. भिंतीत ओल पसरावी तसा सुट्या पेशींनी अस्तराखालून पसरत जातो, आणि वरून सगळं गुळगुळीत दिसतं. मग जठर चामड्यासारखं ताठर होतं, ताणतच नाही. "म्हणून चार घासांत पोट भरायचं. तो स्वभाव नव्हता." कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आणि काही घरांत तो आईबापांकडून मुलांकडे उतरतो.

तिच्या रक्ततपासणीत तो वंशाने उतरणारा दोष निघाला. दुर्बीण घालून पाहिलं, तुकडे काढून तपासले, सगळं स्वच्छ.

"स्वच्छ दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण याच्या स्वच्छ दिसण्यावर मी विश्वास ठेवत नाही. जठर पूर्ण काढा. अन्ननलिका थेट आतड्याला जोडतात. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खावं लागेल, पण माणूस जगतं."

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना विचारायची, "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" आणि घरी येऊन लेकीच्या जेवणावर नजर लावून बसायची. पोरीने घास नाकारला की तिला ताटावर आईचा पंजा दिसायचा, बांगडीसकट.

"अगं, ती खेळायला पळायचं म्हणून उठतेय," नवरा म्हणायचा. "आणि धडधाकट पोट कापून टाकायचं? रिपोर्ट चांगला आलाय ना?"

त्याने शेवटी तिची समजूत घालायला तिच्या मावशीला बोलावून घेतलं. मावशीने स्वतःची तपासणी उडवून लावली होती आणि आपल्या लेकीलाही करू दिली नव्हती.

मावशी आली ती दारातूनच सुरू झाली. "काय गं, पोट काढून खुंटीला टांगणार आहेस? तुझी आई नशिबाने गेली. आपल्याकडे सगळ्या अशाच काटक. मी बघ, ठणठणीत!"

"मावशी, आधी जेव."

मावशी जेवायला बसली. नातीला गोष्ट सांगत, जावयाला टोमणे मारत जेवू लागली. गोष्टीतला राजा अजून घोड्यावरही बसला नव्हता, तेवढ्यात तिने ताटावर आडवा पंजा धरला. "बास गं बाई. भरलं."

पंजा मावशीचा होता, आवाजही मावशीचाच, पण समोर आई बसली होती.

"मावशी, हे कधीपासून?"

"काय कधीपासून? मी पहिल्यापासून अशीच."

"नाही. माझ्या लग्नात तू दोनदा वाढून घेतलं होतंस. आईने तुला त्यावरून चिडवलं होतं."

मावशी हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. पंजा ताटावरून उचलायचं ती विसरून गेली. "उन्हाळ्यापासून," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, वय झालं."

मावशीचं निदान झालं. जठराची भिंत ताठर झाली होती, रोग बाहेर पसरला होता. औषधांनी शेवट काही महिने लांबवता येईल, इतकंच. त्या संध्याकाळी नवऱ्याने स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. "तारीख द्या," ती म्हणाली.

ऑपरेशननंतर काढलेलं जठर सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं गेलं. दुर्बिणीला न दिसलेले कॅन्सरचे बारीक ठिपके ठिकठिकाणी सापडले. त्यातला एकही अस्तराच्या खाली उतरला नव्हता. "वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेकीची तपासणी मात्र ती स्वतः समजून ठरवण्याइतकी मोठी झाल्यावरच करायची, असंही त्यांनी सांगितलं. ती तिथेच रडली.

घरी येऊन चमच्याने पातळ सूप घेत बसली होती, तेव्हा मावशीचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"काय म्हणाले गं? निघालं काही?"

तिच्या हातातला चमचा थांबला. नाही म्हटलं, तर मावशी म्हणेल, बघ, उगाच कापून घेतलंस. त्यात तिला थोडं समाधानही मिळेल. हो म्हटलं, तर मावशीला कळेल की तिचाही रोग वेळेवर गाठता आला असता. फोनमागे ताईचा, मावशीच्या लेकीचा आवाज येत होता. "आई, अगं अजून थोडं खा ना."

"बोल ना गं."

"निघालं, मावशी. दुर्बिणीत काही नव्हतं, पण निघालं."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"मावशी, ताईला फोन दे."

"तिला सांगणार, तपासून घे म्हणून?"

"हो."

"थांब," मावशी म्हणाली. "मीच सांगते. तू फोन कापू नकोस." आणि फोन बाजूला धरून तिने लेकीला हाक मारली.